साळवेमामांचा डावा पाय

साळवेमामा अंतर स्लीपरांत मोजायचे. आमच्या फाटकापासून दुधाच्या बूथपर्यंत एकशे चाळीस स्लीपर, बूथपासून बसस्टॉपपर्यंत दोनशे दहा. रुळांखाली आडव्या टाकलेल्या त्या पट्ट्या तारनाक्याच्या आमच्या गल्लीत अर्थातच नव्हत्या. मामांच्या पायांत होत्या. बत्तीस वर्षं रेल्वेत चाबीवाला म्हणून काढली की माणसाचं पाऊल तेवढंच पडतं.

चाबीवाला म्हणजे काय हे मलाही त्यांनीच सांगितलं. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरी असतात, त्यांना चाब्या म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्यांनी त्या सैल होतात. रोज सकाळी आपल्या वाट्याची लाईन पायी चालत जायची, सैल चाबी हातोड्यानं ठोकून बसवायची आणि चालत परत यायचं. खांद्यावर हातोडा नि पाना, बगलेत लाल आणि हिरवी झेंडी. ऊन असो, पाऊस असो, घरात कुणी मेलेलं असो.

"सैल चाबी दिसत न्हाई ताई," ते म्हणायचे, "ऐकू येती."

त्यांचा कान खरंच तसा होता. एकदा ओट्यावर बसल्या बसल्या आतून मिक्सरचा आवाज ऐकून म्हणाले, "ह्ये मशीन पंधरा दिवसांचं पाव्हणं हाय." तेराव्या दिवशी मिक्सर जळला. सासूबाई म्हणाल्या, काळ्या जिभेचा माणूस आहे. मामांना ते कुणीतरी सांगितलं. ते सासूबाईंना म्हणाले, "जीभ न्हाई वैनी, कान. दोन दिवस कमी निघालं त्याची माफी करा."

ते नांदेडकडचे, बौद्ध. आम्ही उदगीरकडचे शेतकरी, निजामाच्या काळात हैदराबादला येऊन नोकरदार झालेलो. गल्लीत मराठी बोलणारी घरं तीन, म्हणून येणंजाणं. मामा आले की "जयभीम" म्हणायचे. सासूबाई "रामराम" म्हणायच्या. अकरा वर्षांत दोघांपैकी कुणीही माघार घेतली नाही. चहा मात्र दर वेळी मिळायचा. कप वेगळा होता. ते सगळ्यांना माहीत होतं, मामांनाही. चहा झाला की ते कप नळावर स्वतः विसळायचे आणि पायरीवर पालथा घालायचे. मी शिकलेली, नोकरी करणारी बाई. तो कप मी रोज बघत होते आणि बदलला नाही. स्वतःबद्दल एवढं सांगितलं की पुरे.

नोकरीतली एकच गोष्ट ते रंगवून सांगत. थंडीतल्या एका सकाळी रुळाच्या सांध्याशी हातोडा वाजवला आणि आवाज त्यांना आवडला नाही. रूळ वरून ठणठणीत दिसत होता. समोरून एक्स्प्रेस यायची वेळ. यांनी लाल झेंडी धरली आणि लाईनच्या मधोमध उभे राहिले. गाडी थांबली. नेमके तिच्यात कुणी मोठे साहेब होते. इन्स्पेक्टर ट्रॉलीवरून उतरून धावत आला, शिव्या देत, की कुठे आहे तडा, दाखव. मामांनी वाकून रुळाची बुडाकडची बाजू दाखवली. केसाएवढी रेघ होती.

"मग? शाबासकी?" मी विचारलं होतं.

"कसली शाबासकी! सायबाच्या चहाला उशीर झाला म्हून खाली मान घालून उभा ऱ्हायलो." मग म्हणाले, "पर ताई, हिरवी झेंडी दावायची सोपी असती. बत्तीस वर्षांत खोटी हिरवी दावली न्हाई. तेवढं एक हाय."

निवृत्त झाले आणि दोन वर्षांत डाव्या पायाची पोटरी धरायला लागली. चालताना कळ यायची, उभं राहिलं की जायची. माझ्याकडे तक्रार आली तीही त्यांच्या मापात. "साठ स्लीपरला धरायलीय." दिवाळीपर्यंत चाळीसवर आली, संक्रांतीला पंचवीसवर. रेल्वेच्या दवाखान्यात सांगितलं, मांडीतली रक्तवाहिनी तुंबलीय, बिडी सोडा, गोळ्या घ्या, रोज दुखेपर्यंत चाला, फारच वाढलं तर ऑपरेशन बघू. हा सल्ला अगदी योग्य होता. आज मला कुणी विचारलं तर मी अक्षरशः तेवढंच सांगेन. त्या वेळी मात्र मी सांगितलं, "मामा, आमच्याकडे लेसर आलंय."

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. बाहेरून वस्तू आणायची दारं नुकतीच उघडली होती आणि शहरात जो तो काहीतरी आणत होता. मी ज्या नव्या खाजगी दवाखान्यात लागले होते, त्याच्या लॉबीत कारंजं होतं, काचेची लिफ्ट होती आणि रिसेप्शनच्या मुलींना एकसारख्या मोतिया साड्या होत्या. लेसरचं मशीन विमानानं आलं. आम्ही त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. वर्तमानपत्रात अर्धं पान जाहिरात आली की आता पायाला चाकू लागणार नाही.

माझं काम साधं होतं. पेनाएवढं यंत्र जेली लावून पावलावर धरायचं, आतल्या रक्ताचा आवाज स्पीकरमधून येतो. मग घोट्याला पट्टा बांधून रक्तदाब घ्यायचा आणि दंडाच्या दाबाशी ताडून बघायचा. दंडात शंभर असेल तर घोट्यात निदान नव्वद हवेत. मामांच्या डाव्या घोट्यात पंचेचाळीस होते.

लेसरवाले डॉक्टर म्हणजे डॉ. शेषगिरी. अमेरिकेत बारा वर्षं काढून आलेले, उंच, हळू बोलणारे. त्यांना मी इथे खलनायक करणार नाही. तसं केलं तर सगळंच सोपं होईल. त्यांचा हात चांगला होता आणि मशीनवर त्यांचा मनापासून विश्वास होता. पहिले काही पेशंट मोफत करायचे ठरले होते, कारण मोफत केल्याशिवाय त्या मशीनखाली पहिला कोण जाणार? मी मामांचं नाव दिलं.

तपासणीच्या दिवशी मामा टेबलावर पाय सोडून बसले होते. धोतर धुतलेलं, पाय घरून दोनदा धुऊन आणलेले. शेषगिरी आले, स्टूल लांब होतं ते ओढत बसले नाहीत. सरळ एका गुडघ्यावर खाली बसले आणि मामांचा डावा पाय दोन्ही हातांत घेतला. मामांनी तो झटक्यात मागे ओढला.

"नक्को साब. पावां गंदे हैं."

"गंदे नहीं साळवेसाब, ठंडे हैं," डॉक्टर म्हणाले. "ठंडे का इलाज है." आणि पाय पुन्हा हातात घेतला. एक अंगठा पावलावर, दोन बोटं घोट्याच्या मागे, डोळे मिटलेले. नाडी फार क्षीण असली की अशीच शोधावी लागते, घाई केली तर आपल्याच बोटाची नाडी लागते. चार-पाच मिनिटं ते तसेच बसून होते. मी फॉर्म भरत होते. मला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही.

उठताना डॉक्टर म्हणाले, "बीडी आज से बंद."

मामांनी कोपरीच्या खिशातला बिडीचा कट्टा काढून टेबलावर ठेवला. चाळीस वर्षांची सवय. त्यानंतर त्यांनी बिडीला हात लावला नाही. पुढे अनेकजण म्हणाले की म्हाताऱ्यानं चोरून ओढली असेल, म्हणून पाय गेला. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे इथे लिहायचं होतं म्हणूनही हे लिहितेय. त्यांची बायको गयामामी तर चिडलीच होती. "तीस वर्षं म्या बोंबलले तर ऐकलं न्हाई. त्या डाक्टरनं एकदा म्हणलं अन् ह्येनं सोडली! म्या काय मराठीत सांगत न्हवते?"

लेसरच्या दिवशी त्यांना भूल फक्त जांघेत दिली होती, जागेच होते. जांघेतून सुई घालून एक बारीक तार रक्तवाहिनीत सरकवतात, तिचं टोक तापतं आणि तुंबलेल्या जागी वाट जाळत जातं. मग त्याच वाटेनं फुगा घालून ती रुंद करतात. पडद्यावर सगळं दिसतं. मामांनी पडद्याकडे बघितलंच नाही. दोन तास छताकडे बघत पडून राहिले. मध्ये एकदा मला विचारलं, "आत जाळ लागंल का ओ?" मी म्हटलं, नाही लागणार. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. ते हसले नाहीत. "बोलो उनको, लगा तो पहले मेरे कू मालूम होगा."

काम झाल्यावर मी पेन पावलावर धरलं. आधी वाऱ्यासारखी नुसती एक सूं यायची. आता तीन ठोक्यांचा स्वच्छ आवाज आला, खोलीभर. मामांनी मान वळवली.

"बसली," म्हणाले. "चाबी बसली."

घोट्यात ब्याण्णव आले. शेषगिरींनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, नंतर मामांशी.

चार दिवसांनी मामा आमच्या फाटकापासून बसस्टॉपपर्यंत न थांबता गेले आणि परत आले. सातशे स्लीपर. घाम पुसत म्हणाले, "आता मौलाअलीचा डोंगर चढून येऊ का?"

खरा खेळ त्यानंतर सुरू झाला. दवाखान्यात प्रसिद्धीचं काम बघणारा एक टायवाला तरुण होता. त्याच्या लक्षात आलं की पंचवीस पावलांवर थांबणारा माणूस आता चालतो, आणि तो माणूस जन्मभर रुळांवर चाललेला आहे. याहून चांगली जाहिरात कुठली? जिल्ह्यांतून डॉक्टर यायचे, कारखान्यांचे अधिकारी यायचे, कधी पुढारी. प्रत्येक वेळी मामांना गाडी पाठवली जायची. लिफ्टपासून औषधांच्या काउंटरपर्यंत लांब गुळगुळीत कॉरिडॉर होता. एका टोकाला पाहुणे उभे राहायचे आणि मामा चालून दाखवायचे. जायचे, वळायचे, यायचे. शेवटी टाळ्या. टायवाला म्हणायचा, "साळवेसाब, एक और बार, फोटो के वास्ते."

मामांनी त्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. गयामामी धोतराऐवजी इस्त्रीची पँट काढून द्यायची आणि शेजारणींना सांगायची, "आमच्यातल्या हत्तीला आज सर्कशीचं बोलावणं हाय."

मला त्या चालण्याचा राग यायचा, पण मामांना यायचा नाही. मी एकदा बोलले, "मामा, तुम्ही काय नंदीबैल आहात?"

"डाक्टर सायबाचं नाव व्हतंय, ताई."

"त्यांचं नाव व्हायला तुम्ही कशाला?"

"मग कोन? पाय त्यांचाच हाय आता." असं म्हणून हसले.

सहाव्या महिन्यात मला एक गोष्ट खटकली. सकाळी ड्यूटीला निघाले की मामा मला दुधाच्या बूथजवळच्या भिंतीपाशी दिसायचे. त्या भिंतीवर रोज तेलुगू पेपर चिकटवलेला असतो. मामा मागे हात बांधून तो वाचत उभे असायचे. एक दिवस, दोन दिवस, आठवडाभर. माझ्या डोक्यात फार उशिरा प्रकाश पडला. मामांना तेलुगू बोलता फर्मास यायचं, वाचता अक्षर येत नव्हतं.

मी म्हटलं, "मामा, काय बातमी आहे?"

ते पेपरकडे बघतच म्हणाले, "भाव वाढलेत."

"पोटरी धरतेय ना?"

"थोडं. चालून चालून झालं असंल."

त्याच दिवशी मी त्यांना लॅबमध्ये आणलं. पेन लावलं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी डोळे मिटले आणि ऐकलं. तीन ठोके नव्हते. लांबून वारा यावा तशी एकच सूं होती.

"सैल झालीय," मामा म्हणाले.

घोट्यात पन्नास आले. मी फाईल ओढली. त्यांनी माझा हात धरला नाही, तसं त्यांनी कधीच केलं नसतं. फाईलवर नुसतं बोट ठेवलं.

"आत्ता लिहू नका ताई. शुक्रवारी दिल्लीचे पाव्हणे यायलेत. डाक्टरसायबाचं लई मोठं काम हाय म्हणं. त्ये गेले की लिवा."

"हा पाय आहे मामा. गाडीचं टाइमटेबल नाही."

"चार दिवसांत काय व्हतंय?"

चार दिवसांत खरंच फारसं काही होत नाही. मी हिशेब केला आणि मला जे सोयीचं होतं ते केलं. नंबर लिहिला, पण पेन्सिलीनं. शिवाय त्याच दुपारी कॉरिडॉरमध्ये शेषगिरींना गाठून सांगितलं, "सर, साळवेंचा दाब पडलाय. पन्नास." ते थांबले. चेहरा उतरला, ते मी पाहिलं. मग म्हणाले, "फ्रायडे के बाद. मेहमान गए तो पहला काम वहीच. मैं खुद देखता."

गुरुवारी दिल्लीहून निरोप आला की मुख्य पाहुणे आजारी आहेत, भेट तीन आठवडे पुढे. तारीख सरकली आणि तिच्याबरोबर सगळंच सरकलं. शेषगिरी मद्रासला गेले, आले, पुन्हा कुठे गेले. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही, कारण तिसऱ्यांदा आठवण करणारी टेक्निशियन कुणाला आवडत नाही. मामा दिसले की लांबूनच तळहात आडवा हलवायचे. लाईन क्लियर. बूथपर्यंत येणं बंद झालं होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते आता त्यांच्या दारातूनच हात हलवत होते.

पाहुणे आले त्या दिवशी वीसएक माणसं होती. मामा पांढरे बूट, इस्त्रीची पँट घालून लिफ्टपाशी उभे. मी माझ्या लॅबच्या दारात. ते चालले. मी हजारो पाय पाहिलेत, पण तसं चालणं पुन्हा पाहिलं नाही. एका लयीत, मान ताठ, चेहऱ्यावर रेष हलली नाही. गेले, वळले, आले. टाळ्या झाल्या. शेषगिरींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पाहुण्यांत एक म्हातारे सर्जन होते. ते म्हणाले, बूट काढता का, मला नाडी बघायचीय. टायवाल्यानं घड्याळाकडे बघितलं. पण त्याला बोलावं लागलंच नाही. मामाच हात जोडून म्हणाले, "जूता नक्को साब. आप का चाय ठंडा होरा." सगळे हसले आणि चहाला गेले.

मामा माझ्या लॅबमध्ये आले आणि स्टुलावर बसले. बसले म्हणजे खाली आले. मी दार लावलं आणि बूट काढला. मोजा निघेना, चिकटला होता. कापून काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं ठिक्कर होतं, वरचं पाऊल निळं. वासावरून कळत होतं की आजचं नाही.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण बाहेरची शिकाऊ मुलगी घाबरून आत आली, तिला मी हाकललं. "किती दिवस झाले? रात्री झोपता कसे?"

"खुर्चीत. पाय खाली सोडला की बरं वाटतंय."

"आणि मामींनी मला सांगितलं नाही?"

"तिला शपथ घातली."

"का पण? एवढी कसली मोहिनी घातलीय त्या डॉक्टरनं तुमच्यावर?"

मामा त्या काळ्या बोटांकडे बघत बोलले, माझ्याकडे नाही.

"ताई, बामनाचं लेकरू. अमेरिकेहून आलेलं. खाली बसून म्हाजा पाय दोनी हातांत धरला. एवढ्या उमरीत म्हाज्या पायाला कुनी हात लावला व्हता? लावतंय कोन? म्या गयाला सुदिक सांगितलं न्हाई, म्हणलं हसंल. त्या मानसाला वीस लोकांपुढं खोटं पाडू व्हय?"

मला इतका संताप आला होता की मी दयामाया ठेवली नाही. "मामा, तो नाडी बघत होता. ते त्याचं काम आहे. तो सगळ्यांचेच पाय धरतो."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "म्हाईत हाय की. पर म्हाजा बी धरला न्हवं."

आमच्या पायरीवरच्या कपाचा त्यांनी उल्लेख केला नाही.

शेषगिरींनी त्याच संध्याकाळी पुन्हा प्रयत्न केला. तार आत शिरेना, वाहिनी दगडासारखी झाली होती. तिसऱ्या दिवशी ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले. गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. तुम्ही त्यांच्या भाषेत सांगा. मामा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी सांगितलं. मामांनी डॉक्टरांना हात जोडले आणि म्हणाले, "आप कोशिश किए साब." शेषगिरी खिडकीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी वरून सूचना आली की पेशंटचं रेल्वेचं कार्ड आहे, पुढचं काम तिकडेच होऊ द्या, आपल्याकडे बेडची अडचण आहे. बेड रिकामे होते. ज्या कॉरिडॉरमधून मामा चालून दाखवायचे, तिथून त्यांना स्ट्रेचरवर नेता आलं असतं, अंतर तेच होतं. पण मागच्या मालाच्या लिफ्टनं नेलं, त्या दिवशीही कुणी पाहुणे होते. पाय रेल्वेच्या दवाखान्यात काढला. शेषगिरी तिकडे गेले नाहीत. वर्षभरात ते शहर सोडून गेले आणि मशीनही मागे पडलं. त्यावर प्लास्टिकचं आवरण आलं, मग ते गोदामात गेलं. पुढे जगभरच त्या तापत्या तारेवरचा भरवसा उडाला, असं मी नंतर वाचलं. वाट जाळून केली की ती पुन्हा बुजते.

मधल्या काळात एका परिषदेसाठी आमच्या केसेसची माहिती गोळा होत होती. मामांची केस यशस्वी म्हणून धरली होती. सहा महिन्यांपर्यंतचा हिशेब होता आणि त्यात ते बसत होते. मी फाईल काढून बघितली. माझा पन्नासचा आकडा नव्हता. कागद उजेडाकडे धरला तर खोडल्याची खूण दिसत होती. कुणी खोडला ते मला कधी कळलं नाही. मी खोडला नव्हता. पण खोडता येईल असा मीच लिहिला होता. नोकरी मी सोडली नाही. मुलं शाळेत होती, आणि सोडून तरी काय झालं असतं? आणखी आठ वर्षं तिथे काढली. पेन्सिल मात्र लॅबमध्ये ठेवू दिली नाही.

मामा पुढे मुलाकडे गावी गेले आणि दोन वर्षांनी वारले, असं कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी, रेल्वेच्या दवाखान्यात. गयामामी जेवायला घरी गेली होती, म्हणून मी पलंगाशी बसले होते. मामा उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली. चादर एका बाजूला सपाट होती. आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो. माझ्या मुलाचे मार्क त्यांनी विचारले. शेषगिरींचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

राउंडवर एक तरुण डॉक्टर आला. नवीन होता, मन लावून काम करणारा दिसत होता. त्यानं कागद वाचला, चादर थोडी वर केली आणि उजव्या पायाची नाडी बघायला वाकला.

मामांनी पाय आत ओढून घेतला.

"क्या हुआ दादा? पाव देखने दो."

"हात नक्को लगाओ साब," मामा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मूँ से पूछो. सच बोलतूँ."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मग तो सरळ उभा राहिला, कागद छातीशी धरला आणि विचारलं, "अच्छा. इस पाव में दर्द है?"

"हौ," मामा म्हणाले. "है."